काकींनी माझं मीठ बंद केलं

आमच्या घरची एक होडी आहे. ती माझे दीर चालवतात. काही वर्षांपूर्वी, शिमगा उलटल्यावर एका सकाळी मी त्या होडीच्या तोंडावर दोन मोठे डोळे रंगवले, डोळ्यांना पापण्या काढल्या, मधोमध कुंकू लावलं आणि बाजूला नारळाएवढ्या मोत्यांची नथ काढली. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे काम वाईट झालं नव्हतं. दीर चहा पिऊन परत आले तेव्हा होडी नवरी होऊन बसली होती. ते काही बोलायच्या आत मी शेजारच्या होडीला मिशा काढायला घेतल्या, कारण माझ्या मते त्या दोघांचं लग्न ठरलं होतं. दुपारपर्यंत जेटीवरच्या निम्म्या लोकांना आमंत्रण गेलं. मिशांच्या होडीच्या मालकाकडून तो हुंडा घेणार नाही असं मी वदवून घेतलं. तो बिचारा घाबरून हो म्हणाला.

लोक हसत होते, मीही हसत होते. पण त्याआधी कित्येक दिवस मला झोप नव्हती आणि झोपेची गरजही वाटत नव्हती. बोलायला लागले की माझं मलाच थांबता येत नव्हतं. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात नेमकं उलटं झालं होतं. तेव्हा मला अंथरुणातून उठवत नव्हतं, वेणी घालणंही डोंगराएवढं वाटायचं, आणि घरचे म्हणायचे की हिला आळस चढलाय. होडीच्या दिवशी संध्याकाळी नवरा मला आवरायला आला तर मी निळ्या रंगाचा डबा त्याच्या डोक्यावर ओतला. दुसऱ्या दिवशी तो मला डॉक्टरांकडे घेऊन गेला तेव्हा त्याचे कान अजून निळे होते.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी आधी निळ्या कानांकडे पाहिलं, मग मला सगळं विचारलं. पावसाळ्यातलं विचारलं, होडीचं विचारलं, माहेरी कुणाला असं होतं का तेही विचारलं. शेवटी त्या म्हणाल्या की याला बायपोलर म्हणतात, मनाचा हा आजार आहे, औषधाने आटोक्यात राहतो आणि औषध बरीच वर्षं घ्यावं लागेल. औषधाचं नाव लिथियम. रक्त मधूनमधून तपासायचं. आणि पाणी भरपूर प्यायचं, जेवणातलं मीठ आहे तसं ठेवायचं, एकदम कमी किंवा जास्त करायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

नवरा लोट्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. त्याला लिथियम हा शब्द ओळखीचा होता. घरी आल्यावर त्याने आईला सांगितलं की हे बॅटरीत घालतात. सासूबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "मग हिला रात्रीची चार्जिंगला लावायची काय?"

त्या हे थट्टेने म्हणाल्या नव्हत्या. त्यांना खरंच काळजी वाटत होती. त्यांना त्याहून मोठी काळजी बाजाराची होती. सासूबाई मासळी विकतात आणि मासळीबाजारात बातमी मासळीपेक्षा लवकर खपते. शिवाय आमच्या रत्नागिरीत वेड्यांचं इस्पितळ गावातच आहे, त्यामुळे कुणी जरा वेगळं वागलं की लोकांना हात कुठल्या दिशेला दाखवायचा ते लहानपणापासून पाठ असतं. तेव्हा घरात ठरलं की हे कुणाला सांगायचं नाही. मीही कबूल झाले. मलाही शाळेची भीती होतीच.

पुढच्या वेळी दवाखान्यात माझ्याबरोबर सासूबाई आल्या. त्या इमारतीत खाली दातांचा दवाखाना आहे आणि वर आमच्या डॉक्टरीणबाई. सासूबाईंनी सांगितलं की तू पदर घेऊन वर जा, मी खाली बसते, कुणी पाहिलं तर दातासाठी आलोय म्हणून सांगेन. त्या गालाला हात लावून तिथल्या बाकावर बसल्या आणि अधूनमधून कण्हू लागल्या. त्यांनी ते इतकं चांगलं वठवलं की तिथल्या मुलीला दया आली आणि तिने नंबर डावलून त्यांना आत घेतलं. मी खाली उतरले तेव्हा सासूबाई तोंडात कापसाचा बोळा धरून बसल्या होत्या. त्यांची दाढ काढली होती. ती हलत होतीच, असं त्या नंतर म्हणाल्या, पण त्या दिवशी घरी जाईपर्यंत रिक्षात त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि ते फक्त कापसामुळे नव्हतं.

गोळीला मात्र नाव हवं होतं. रोज घेतेस ती गोळी कसली, असं कुणीतरी विचारणारच. सासूबाईंनी विचार करून बीपी निवडलं. बीपी सगळ्यांना असतं, त्याची लाज नसते आणि त्याबद्दल बोलायला बायकांना आवडतं. झालं, मी वाडीत बीपीची बाई झाले. गोळ्यांनी मला हळूहळू बरं वाटू लागलं. झोप लागू लागली, शाळा सुरळीत झाली. हात किंचित थरथरायचे, पण ते चालतं असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. असं बरेच दिवस छान चाललं.

मग हर्णैला सासूबाईंच्या भावाचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या भावाचं करायला तिकडे गेल्या. उन्हाळ्याची सुरुवात होती. शाळेत परीक्षा जवळ आल्या होत्या, नवरा लोट्याला, दीर समुद्रावर. जाताना सासूबाईंनी माझं जेवणखाण काकींवर सोपवलं.

काकी म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. त्यांचं घर आमच्या घराला लागूनच आहे, मध्ये फक्त जांभ्या दगडांची बुटकी भिंत, गडगा. काका मी लग्न होऊन यायच्या आधीच गेले. त्यांना बीपी होतं, हे मला माहीत होतं. पण त्याचा काकींवर काय परिणाम झाला आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी बांगड्याचं तिखलं आणलं. रंग सुरेख, वास सुरेख, वर त्रिफळांचे दाणे. मी पहिला घास घेतला आणि थांबले. मीठ नव्हतं. मला वाटलं विसरल्या असतील. मी उठून बरणीकडे गेले तर बरणी जागेवर नव्हती.

काकी म्हणाल्या, "मीठ मी नेलंय. तुला आता मिठाची गरज नाय."

त्या दिवसापासून आमच्या घरात मीठ आलं नाही. काकींनी लोणच्याची बरणी नेली, खारातल्या मिरच्या नेल्या, पापड नेले, सुकटीचा डबा नेला. सोलकढी अळणी आली, तिसऱ्यांचे शिंपले अळणी आले, पेजेबरोबर अळणी मेथी आली. ज्याने अळणी तिसऱ्या खाल्ल्या नाहीत त्याला मी समजावू शकत नाही. खडूचे तुकडे भिजवून खाल्ल्यासारखं लागतं, आणि मी कलाशिक्षक आहे, मला खडूची चव माहीत आहे.

डॉक्टरांचं बजावणं मला आठवत होतं. पण काकींना काय सांगणार? बीपीच्या बाईला मीठ का हवं, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एकदा म्हणून पाहिलं की डॉक्टर म्हणाल्या थोडं चालेल. काकींनी उत्तर दिलं की काकांचे डॉक्टरही थोडं चालेल म्हणायचे. मग त्यांनी पातेल्यावर झाकण इतक्या जोरात ठेवलं की मी विषय सोडला.

मग मी बाहेर मीठ शोधू लागले. शाळेच्या फाटकापाशी एक बाई कैरीच्या फोडी विकते. मी तिच्याकडे गेले तर तिने माझी फोड कोरडीच दिली. म्हणाली, "बाई, तुमच्या काकी सकाळी सांगून गेल्यात." वडेवाल्याने मला मिठाची तळलेली मिरची द्यायला नकार दिला. शिपाईमामांनी माझा डबा उघडून पाहिला आणि समाधानाने मान डोलावली. काकींनी सगळं गाव कामाला लावलं होतं. एका मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत जाऊन सोडियम क्लोराइडच्या बाटलीकडे बघत उभी राहिले. विज्ञानाचे सर आले आणि त्यांनी विचारलं की बाई, काही रंग बनवायचाय का. मी हो म्हटलं आणि परत आले.

उकाडा वाढला. मला मळमळायला लागलं, पोट बिघडलं, घाम आणि तहान यांना तर सुमार राहिला नाही. हाताची थरथर वाढली. सातवीच्या वर्गात मी फळ्यावर नारळ काढला आणि मुलांना ओळखायला सांगितलं. सगळा वर्ग एकसुरात म्हणाला, फणस. रेघ इतकी दातेरी झाली होती की मीच म्हटलं, बरोबर आहे, फणसच. त्यानंतर समुद्र काढला, तो मात्र फार सुंदर आला. लाटा आपोआप उमटत होत्या. मुलं टाळ्या वाजवत होती आणि मला खडू टेबलावर ठेवताना टेबल सापडत नव्हतं.

काकींनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांचा धीर सुटला. त्या शेजारून कुणाचं तरी बीपी मोजायचं यंत्र घेऊन आल्या. माझं बीपी अगदी हवं तेवढं निघालं. काकींनी ते आकडे दोनतीन जणींना दाखवले आणि म्हणाल्या की बघा, माझ्या अळणीचा गुण. तरीही मला उभं राहवत नव्हतं, ते त्यांना कळेना. त्यांनी ठरवलं की भाकरीत चिमूटभर जातं तेही बंद करू.

रविवारी नवरा आला. मी दार उघडायला गेले आणि दारावरच आपटले. त्याने एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि रिक्षा बोलावली. काकी चप्पल घालून आधीच फाटकात उभ्या होत्या. बीपीच्या डॉक्टरला मला चार गोष्टी सांगायच्यात, असं म्हणून त्या मध्ये चढून बसल्या. नवऱ्याने सुट्टीच्या दिवशीही डॉक्टरीणबाईंना फोन लावला होता आणि त्या दवाखान्यात येऊन थांबल्या होत्या. इमारतीपाशी आल्यावर त्याने काकींना खालच्या दवाखान्याकडे वळवायचा प्रयत्न केला, पण तो बंद होता. काकी जिना चढल्या. वर पाटी होती. काकी एकेक अक्षर जुळवून वाचतात, त्यामुळे आम्हा दोघांना बराच वेळ शिक्षा झाली. "मनोविकार" एवढं वाचून त्या थांबल्या. मग दार ढकलून आत गेल्या.

आत डॉक्टरांनी मला तपासलं आणि विचारलं की जेवणात काही बदल केलाय का. मी तोंड उघडायच्या आत काकी अभिमानाने म्हणाल्या, "मीठ एकदम बंद केलंय मी. एक कण नाय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग काकींना कळेल अशा शब्दांत त्या सांगू लागल्या. शरीरात मीठ कमी पडलं की ही गोळी बाहेर जात नाही, आतच साठते. त्यात उकाडा आणि पोट बिघडलेलं. साठली की असं होतं, आणि वेळेत आला नसतात तर जिवावरही बेतलं असतं. गोळी ताबडतोब थांबवून रक्त तपासायला सांगितलं आणि मला जवळच्या इस्पितळात दाखल केलं.

तिथे मला सलाईन लावलं. काकी खाटेशेजारी स्टुलावर बसल्या.  नवरा रक्ताचा रिपोर्ट आणायला गेला होता. नर्स बाटली बदलायला आली तेव्हा काकींनी तिला विचारलं की यात काय असतं. नर्स म्हणाली, मिठाचं पाणी. काकींनी बाटलीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. इतके दिवस त्यांनी कणाकणाने वाचवलेलं मीठ एका बाटलीतून टपटप माझ्या अंगात जात होतं. मला हसू आलं. हसताना पोट दुखलं तरी थांबेना. काकींना हसू आलं नाही.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पावसाळ्यात उठवत नव्हतं ते, होडीचं, गोळीचं, बीपी हे नाव कसं पडलं ते. माझी अपेक्षा होती की त्या घाबरतील किंवा स्टूल थोडं लांब सरकवतील.

त्यांनी विचारलं, "म्हणजे तुला बीपी नाय?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही, काकी."

"मग मी सोमवार कुणासाठी धरलेत गो?"

 त्या माझ्यासाठी उपास करत होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. मग त्या काकांबद्दल बोलल्या, माझ्याशी पहिल्यांदाच. काकांना अळणी चालायचं नाही. ताट सरकवून द्यायचे. काकी रागाने नाही तर लाडाने वरून मीठ घालायच्या. एक दिवस ते जेवता जेवताच कलंडले. "तुझं ऐकलं तेव्हापासून मला झोप नाय," त्या म्हणाल्या. "म्हटलं, ह्या खेपेला मी मीठ देणार नाय. आणि तुम्ही मला फसवलंत. त्यापरीस डोक्याची गोळी म्हणून सांगायचं होतं. मी काय खाल्लं असतं तुला?"

मी त्यांचा हात धरला. माझा हात थरथरत होता, त्यामुळे दोघींचे हात हलू लागले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की ती होडीची नथही त्या आजारातलीच का. मी म्हटलं, हो.

"मला वाटलं तू हौसेने काढलीस."

"हौसच होती काकी. जरा जास्त झाली."

आता कुठे त्या हसल्या. म्हणाल्या की नथ चांगली आहे, मिशा मात्र नवऱ्यामुलाला शोभत नाहीत.

दोनतीन दिवसांत मी घरी आले. गोळी कमी प्रमाणात पुन्हा सुरू झाली. मग काकींसमोर अडचण उभी राहिली. त्यांनी अख्ख्या गावाला माझ्या मिठावर पहारा बसवला होता, तो आता उठवायचा होता, आणि लोक कारण विचारणार होते. काकींना खोटं बोलता येत नाही, त्यांना वेळही नव्हता. त्या सकाळी टोपली घेऊन मासळीबाजारात गेल्या आणि तिथल्या लिलावाच्या गर्दीत उभं राहून त्यांनी सांगून टाकलं की आमच्या सुनेची गोळी बीपीची नाही, डोक्याची आहे, तेव्हा ती जिथे दिसेल तिथे तिला मीठ द्या. तिथून त्या वडेवाल्याकडे गेल्या, मग कैरीवालीकडे, मग शाळेत शिपाईमामांकडे. दुपारपर्यंत लपवायला काही शिल्लक नव्हतं. दुसऱ्या दिवशी कैरीवालीने माझ्या फोडीवर इतकं मीठ घातलं की डोळ्यांत पाणी आलं. तिला मग सांगावं लागलं की एवढं एकदम जास्तही चालत नाही. ती वैतागून म्हणाली की तुमचं एकदाचं काय ते ठरवा.

सासूबाई हर्णैहून आल्या त्या बातमी एस.टी.तच ऐकून. पिशवी खाली न ठेवता त्या गडग्यापाशी गेल्या आणि काकींना हाक मारली. मी आत भांडी घासत होते, म्हणजे घासायचं थांबवून ऐकत होते. सासूबाई म्हणाल्या की तू आमची अब्रू लिलावात काढलीस. त्या बराच वेळ बोलल्या. काकींनी सगळं ऐकून घेतलं.

मग त्या म्हणाल्या, "वयनी, पोर मेली असती. मग कुठची अब्रू नेसून बसली असतीस?"

 संध्याकाळी सासूबाई माझ्या जवळ येऊन बसल्या आणि त्यांनी विचारलं की आता मीठ किती घालू. माझ्याकडून त्या दिवशीच्या आमटीत चमचा धरून माप करून घेतलं. माफी वगैरे मागायची आमच्यात पद्धत नाही. ते माप म्हणजेच ती.

सगळं गोड झालं असं नाही. सुट्टीतल्या माझ्या चित्रकलेच्या वर्गातून एका बाईंनी मुलीला काढून घेतलं. तिच्या हातात चांगली रेघ होती, मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं. एक पालक मुख्याध्यापिकांकडेही गेले. मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. मी घाबरून गेले होते. त्यांनी औषध नीट चाललंय का विचारलं, मी हो म्हटलं, तेव्हा त्या म्हणाल्या की मग तब्येत बरी आहे, आठवीचे इतिहासाचे पेपरही तुम्हीच तपासा. तेवढ्यापुरतं मला बीपी असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

आणि मिशांच्या होडीचा मालक एकदा गडग्याशी घुटमळत आला. बायको घरात रडत बसते, जेवत नाही, म्हणाला. दाढेची गोष्ट तोवर गावभर झाली होती; त्याने इकडेतिकडे बघून विचारलं की तुमचे ते दातांचे डॉक्टर कुठे बसतात. मी त्याला पत्ता दिला आणि सांगितलं की जिना चढून वर जायचं, खाली थांबलात तर दाढ जाईल.

मागच्या वर्षी अलोऱ्याला सासूबाईंच्या बहिणीकडे नातवाचं बारसं होतं. काकीही आल्या. जेवणानंतर मी पाण्याबरोबर गोळी घेतली, सगळ्यांसमोर. एका म्हाताऱ्या आत्यांनी विचारलं की ही कसली गोळी. मी बोलणार होते, पण सासूबाईंनी मला हाताने थांबवलं. आता हे खातं त्यांचं झालं होतं. त्या म्हणाल्या की हिला बायपोलर आहे, होडी रंगवली ती त्यातच.

आत्यांनी विचार केला. "बाय पोलर, म्हणजे बायांनाच होतो काय हा?"

"नाय, बाप्यांना पण होतो," सासूबाई म्हणाल्या.

"मग त्याला बाप्या पोलर म्हणत असतील."

सासूबाई काकींकडे बघू लागल्या. काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी हसू दाबून मान खाली घातली, आणि माझी ती मान हलली तेवढ्यावरून काकींनी ठामपणे सांगितलं की हो, बाप्या पोलरच. आत्यांचं समाधान झालं. त्यांनी कोपऱ्यात पान चघळत बसलेल्या आपल्या नवऱ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं, आणि मग हळूच मला विचारलं की होडी वगैरे रंगवायलाच पाहिजे का, की नुसता रात्रंदिवस पत्ते खेळत बसला तरी बाप्या पोलर धरतात.